वैयक्तिक टॅबचं सार्वजनिक प्रकरण

"नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची. आणि मेंदू? मेंदूला प्राणिसृष्टीत उपमा नाही."

साईनाथ टेकवडे स्वतःची ओळख अशी करून देत. ती ऐकताना त्यांचा मेहुणा रघु नेहमी दुसरीकडे बघत असे. घारीच्या नजरेचा चष्मा डोंबिवली पूर्वेला रघुच्याच दुकानात बनलेला होता आणि दोन वर्षांत त्याचा नंबर दोनदा वाढला होता. सशाच्या कानांपैकी डाव्या कानाशी बोललं तर उत्तर यायचं, "हो हो, दुधात साखर नको." मांजराच्या चालीला तर गुडघे अशी साथ द्यायचे, की दाजी जिना चढायला लागले की तिसऱ्या मजल्यावर चहा ठेवला जायचा.

दाजींनी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवली. तिथून बाहेर पडताना नाकाला वास येणं बंद झालं होतं. डोंबिवलीत राहणाऱ्याला ही सोय असते असं लोक म्हणत, पण दाजी मात्र गुन्ह्याचा वास आपल्याला सगळ्यात आधी येतो असं सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी कार्डं छापून घेतली: 'साईनाथ टेकवडे, खासगी गुप्तहेर. पूर्ण गुप्तता.' ही गुप्तता इतकी पूर्ण होती, की कार्डावर पत्ता नव्हता आणि फोन नंबरही नव्हता. साहजिकच गिऱ्हाईक येत नसे. घरच्यांचीच प्रकरणं त्यांना पुरवून पुरवून हाताळावी लागत.

यावेळचं प्रकरण रघुच्या घरातलं होतं, आणि खरंच गंभीर होतं.

रघुची बायको हेमा एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका होती. नोकरी अजून कायम व्हायची होती. यंदा नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकण्यासाठी स्वतःचा टॅब मिळाला. वाटपाचा मोठा समारंभ झाला. प्रत्येक मुलाने टॅब छातीशी धरून फोटो काढला. फोटो झाल्यावर ते सगळे टॅब गोळा करून लोखंडी कपाटात ठेवण्यात आले, कारण मुख्याध्यापिका क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, "मुलं फोडतील." कपाटाची चावी हेमाकडे आली. तेव्हापासून टॅब अगदी सुखरूप होते. एकावर साधा ओरखडा नव्हता. बोटाचा ठसाही नव्हता.

सोमवारी हेमाने कपाट उघडलं तर एक टॅब कमी.

"शुक्रवारी जिल्ह्याहून पाहुणे येणार आहेत टॅब बघायला," क्षिप्रा मॅडम म्हणाल्या. "तोवर मिळाला नाही तर मला वर कळवावं लागेल, हेमा. चावी तुमच्याकडे होती."

त्या संध्याकाळी हेमा जेवली नाही. नेमका त्याच वेळी रघुच्या ताईचा, मंदाकिनीचा फोन आला. ताईला हेमाचं रडणं ऐकू गेलं आणि ताईच्या शेजारी बसलेल्या दाजींना, उजव्या कानाने, टॅब चोरीला गेल्याचं.

"रघु," फोनमधून दाजींचा आवाज आला, "कशालाही हात लावू नका. मी निघालो."

"दाजी, टॅब शाळेतून गेलाय. आम्ही घरी आहोत."

"घरी पण नका लावू."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून रघु त्यांना स्कूटरवरून शाळेत घेऊन गेला. दाजींनी ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून ताईचे भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे चढवले होते. शिपाईबाई रखमाबाईंनी त्यांना दारातच आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "टाकी वर आहे. मागच्या वेळेसारखी अर्धवट धुवू नका."

दाजींनी तिथेच चौकशी सुरू केली. "शनिवारी तुम्ही इथे काय पाहिलंत?"

"शाळा."

"संशयास्पद काही?"

"हे हातमोजे," रखमाबाई म्हणाल्या आणि घंटा द्यायला गेल्या.

दाजींनी कपाट तपासलं. कुलूप शाबूत होतं. चावी हेमाच्या टेबलाच्या खणात, नेहमीच्या जागी. कपाटावरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन उमटलेला पाहून त्यांचे डोळे चमकले. "टॅबची खूण! चोराने आधी टॅब इथे वर ठेवला, इकडे तिकडे पाहिलं आणि मग..."

"दाजी, तिथला खडूचा खोका तुम्ही आत्ताच उचललात. तुमच्याच हातात आहे."

दाजींनी खोका परत ठेवला. तो चौकोनात तंतोतंत बसला. "चोर आपली दिशाभूल करतोय," ते म्हणाले.

"कुलूप तुटलेलं नाही, चावी जागेवर," हेमा रडवेली होऊन म्हणाली. "मग कसा गेला असेल हो?"

"याचा अर्थ एकच. माणूस आतला आहे."

"कपाटाच्या?" रघुने विचारलं.

दाजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

हरवलेला टॅब कुणाचा, ते स्पष्ट होतं. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी होती आणि कल्पिताच्या नावाचा तेवढा नव्हता. कल्पिता शीळफाट्याजवळच्या गावातली. चुलत बहिणीच्या लग्नासाठी ती सोमवारपासून सुट्टीवर होती.

"मी तिला एक फोन करून बघू का?" हेमाने विचारलं.

"अजिबात नाही!" क्षिप्रा मॅडम आणि दाजी एकदम म्हणाले. मॅडमचं म्हणणं होतं, की लग्नघर आहे, मुलीचा टॅब गेला कळलं तर हळदीला जमणारं अख्खं गाव शाळेच्या फाटकावर येईल. दाजींचं म्हणणं शास्त्रीय होतं. "जिचं गेलंय तिला सगळ्यात शेवटी सांगायचं. तपासाचा पहिला नियम."

"का पण?"

"धक्का बसतो. आणि धक्का बसलेला माणूस मदत करायला लागतो. मदतीने तपास बिघडतो."

हेमाने फोन खाली ठेवला. रघुला वाटत होतं, की तिने तो करावा. पण मॅडम समोर होत्या, नोकरी कायम व्हायची होती, आणि दाजी ताईचे यजमान होते. तो गप्प बसला आणि नंतर त्याला स्वतःचाच राग आला.

बुधवारी दाजींनी नवा सिद्धान्त मांडला. "चोर शीळफाट्यावर सापडणार."

"कशावरून?"

"तिथून ठाण्याला जाता येतं, कल्याणला जाता येतं, नवी मुंबईला जाता येतं. पळणारा माणूस तिथे जाणारच. आणि एकदा तिथे गेला की ट्रॅफिकमुळे त्याला कुठेच जाता येणार नाही. सोमवारी निघालेला चोर अजून तिथेच असेल. आपण फक्त जायचं आणि उचलायचं."

यात चूक काढणं रघुला जमलं नाही. ते गेले. ट्रकांच्या मधोमध स्कूटर इंजिन बंद करून उभी राहिली आणि दाजींनी गाड्यांच्या काचांवर टकटक करणाऱ्या एका विक्रेत्यावर नजर रोखली. त्याच्या गळ्यात मोबाइलचे स्टँड, चार्जरच्या वायरी आणि टॅबची कव्हरं लोंबत होती.

"ए, हे कव्हर कोणत्या टॅबचं?" दाजींनी दरडावून विचारलं.

"कोनसा भी चलेगा अंकल. आपका कौनसा है?"

"आमचा हरवलाय."

विक्रेत्याने क्षणभर विचार केला. "फिर कवर का क्या करोगे?"

हा प्रश्न दाजींना इतका मर्मभेदी वाटला, की परतताना ते एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर मात्र म्हणाले, "तो माणूस टोळीचा मेंदू आहे."

गुरुवार उजाडला. हेमाचा चेहरा उतरला होता. सकाळी डबा भरताना ती रघुला म्हणाली, "माझं काही नाही रे. दुसरी नोकरी बघेन. पण मॅडम म्हणाल्यात, की आता ते कपाट पोरं दहावीला गेली तरी उघडायचं नाही. पोरांनी फोटोपुरते हातात धरलेले टॅब. एवढंच त्यांच्या वाट्याला आलं."

रघु दुकानात न जाता सरळ दाजींकडे गेला. "दाजी, काही पण करा, पण आज करा."

दाजी तयारच होते. रात्रभर विचार करून त्यांनी कल्पिताच्या भावाला, कमलेशला, आरोपी ठरवलं होतं. "पोरगा डीजे वाजवतो. डीजेला काय लागतं? स्क्रीन. टॅबला काय असतं? स्क्रीन. आज त्यांच्याकडे हळद आहे. वेश पालटून जायचं."

वेश म्हणून त्यांनी ताईने लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेला रेशमी फेटा बांधला. रघुने रोजचाच शर्ट घातला होता.

मांडव गावाच्या तोंडाशीच होता. डीजे इतका दणाणत होता, की स्कूटर बंद केल्याचं रघुला हँडल थरथरायचं थांबलं तेव्हा कळलं. दारात पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे उभे होते. कल्पिताचे आजोबा, धाकूबाबा.

"कुठशी आयलाव?" त्यांनी ओरडून विचारलं.

दाजींनी डावा कान पुढे केला. "हो हो," ते म्हणाले, "नवऱ्याकडूनच."

त्यानंतर काय घडलं ते रघुला नीट सांगता येत नाही. नवऱ्या मुलाकडची माणसं आली, असा एकच कालवा झाला. दोघांना गादीच्या खुर्च्यांवर बसवलं. पुढ्यात मटणाचं ताट आलं, ते संपायच्या आत दुसरं आलं. "पयले जेवा, मंग बोला," म्हणत धाकूबाबा स्वतः वाढायला उभे राहिले. बायकांनी येऊन दोघांच्या गालांना, कपाळाला, मानेला हळद फासली. इतक्या प्रेमाने आग्रह होत होता, की रघुला तोंड वर करून बघायची लाज वाटायला लागली. आपण यांच्या मुलाला चोर ठरवायला आलोय, आणि हे तिसऱ्यांदा विचारतायत, रस्सा तिखट नाही ना.

"दाजी, चला इथून," तो पुटपुटला.

पण दाजींची नजर डीजेच्या टेबलावर खिळली होती. कमलेशसमोर एक चपटी, काळी वस्तू निळ्या उजेडात लखलखत होती. दाजी उठले, मांजराच्या चालीने गर्दीतून सरकले, आणि "सापडला!" असं ओरडत त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. तिच्या वायरी ताणल्या गेल्या आणि सटासट निघाल्या.

डीजे बंद पडला.

मांडवभर शांतता पसरली. शेकडो माणसं नाचता नाचता तशीच थांबली आणि हळदीने पिवळ्याधमक झालेल्या, फेटेवाल्या माणसाकडे बघू लागली.

"काका, तो मिक्सर आहे माझा," कमलेश म्हणाला. तो रागावलेलाही नव्हता, नुसता चक्रावला होता. "गाणं आवडलं नाही तर बोलायचं ना."

आणि त्या शांततेत घराच्या ओटीवरून बायकांचा आवाज ऐकू आला. तिथे कल्पिताची आजी आवडाबाई आणि तिच्या वयाच्या चार बायका भिंतीला टेकून धवला म्हणत होत्या, म्हणजे आगरी लग्नात विधींच्या वेळी म्हणायचं जुनं गाणं. डीजेच्या दणदणाटात त्या केव्हापासून गात होत्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. खणखणीत, एकसुरी, थेट पोटातून येणारा आवाज. मांडवातली तरुण पोरंही ऐकत उभी राहिली.

त्यांच्यासमोर पाटावर एक मुलगी दोन्ही हातांनी काहीतरी उभं धरून बसली होती. रघु पुढे झाला. त्याला चष्म्याचीही गरज पडली नाही. ती वस्तू टॅब होती, आणि पाठीवर शाळेची चिठ्ठी होती: कल्पिता.

गाणं पूर्ण होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग रेकॉर्डिंग बंद करून तिने वर पाहिलं आणि ओळखलं. "तुम्ही आमच्या हेमाबाईंचे मिस्टर ना? डीजे तुम्हीच बंद केलात? थँक्यू काका! कालपासून मी ट्राय करतेय, सगळ्यात नुसता ढकचिक ढकचिक येत होता."

"कल्पिता," रघुने विचारलं, "हा टॅब तुझ्याकडे कसा?"

"माझाच आहे ना? नाव आहे माझं."

"अगं पण कपाटातून..."

"बाईंनी होमवर्क दिलेला. घरातल्या कुणाचं तरी लोकगीत टॅबवर रेकॉर्ड करून आणा. तर मी शनिवारी चावी मागायला गेलेली. बाई पेपर तपासत होत्या, मान वर पण नाही केली. बोलल्या, 'घे आणि परत ठेव.'" ती जराशी घाबरली. "मी ठेवली की परत. चावी. का, काय झालं?"

रघु ओटीच्या पायरीवर बसला आणि हसू लागला. हेमाने अभ्यासक्रमाच्या पत्रकातला स्वाध्याय वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवला होता. टॅब कुलुपात असताना तो कुणी करेल, असं तिच्याही मनात आलं नव्हतं.

"कोन आयलाय गं?" आवडाबाईंनी विचारलं.

"बाईंच्या घरचे आहेत, आजी."

"मंग हळदीला बाईला का नाय आनला?" आवडाबाई रघुवर डाफरल्या.

रघुने हेमाला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "तिला सांग, छान केलंस."

दाजी कमलेशच्या वायरी जोडायला मदत करत होते. त्यामुळे डीजे आणखी अर्धा तास बंद राहिला आणि आवडाबाईंचे आणखी दोन धवले रेकॉर्ड झाले.

शुक्रवारी कल्पिता लग्नघरातून तासाभरासाठी शाळेत आली, हातावरची मेंदी सांभाळत. पाहुण्यांनी कपाट उघडायला लावून एक टॅब उचलला, मग दुसरा, मग तिसरा. एकही सुरू झाला नाही. इतके महिने पडून सगळ्यांची चार्जिंग संपली होती. वर्गात चालू होता तो एकच टॅब, त्याच्या कडेला हळदीचं बोट लागलेलं. पाहुण्यांनी आवडाबाईंचा धवला पूर्ण ऐकला. मग क्षिप्रा मॅडमना इतकंच विचारलं, "बाकीच्यांना गाणी येत नाहीत का?"

मॅडम ओशाळल्या, पण बाई मनाने सरळ होती. सोमवारी त्यांनी स्वतः उभं राहून टॅब वाटले. या वेळी फोटोग्राफर बोलावला नाही.

"चोर मिळाला नाही," दाजींनी रघुला समजावलं, "पण चोरीसुद्धा मिळाली नाही. हिशेब जुळला."

पुढच्या रविवारी हेमा सगळ्या वर्गाचा स्वाध्याय तपासायला बसली आणि रघु शेजारी लसूण सोलत बसला. एकामागून एक आवाज येत गेले. कुणाची आत्या, कुणाचे आजोबा, कुणाच्या गाण्यात कुकरची शिट्टी, कुणाच्या मागे भांडण. रुचिताच्या आईची जात्यावरची ओवी मध्येच अडखळली. "पुढचं आठवत नाही गं," टॅबमधून आवाज आला, "माझी आई म्हणायची. थांब." बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग एकदम, हसत, "आठवलं, आठवलं," आणि ओवी पुढे सुरू झाली.

हेमाने पेन खाली ठेवलं. "हिला किती मार्क द्यायचे रे?"

"कुणाला? रुचिताला की तिच्या आईला?" रघुने विचारलं, आणि तिने ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.