हंसाबाईचे दोन गुडघे

नुसत्या आवाजावरून कळणार नाही, असा ट्रकचा एकही आजार पांढरकवड्याच्या मन्सूर मिस्त्रीनं शिल्लक ठेवला नव्हता! हल्ली त्याची अम्मी हजराबी चालू लागली की तिच्या गुडघ्यांतूनही तसलेच आवाज यायचे. डॉक्टर म्हणाले, "गुडघे बदला." हजराबी म्हणाली, "नाही बदलत!" राळेगावला दिलेल्या लेकीला बाळ होऊन चार महिने झाले, पण एसटीची पायरी चढवत नाही म्हणून नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी हिचं एकच पालुपद. "खाजगीत लुटतेत, अन् सरकारीत पाय उलटा बसवतेत!"

"अम्मी, तू फिकर नको करू," मन्सूर म्हणाला. "मी शास्त्रीय पद्धतीनं तपासून देतो!"

नमुनाही नामी होता. तांड्यावरच्या हंसाबाईचा एक गुडघा नागपूरच्या खाजगी दवाखान्यात बदलला होता आणि दुसरा यवतमाळच्या सरकारीत. एकाच गाडीला दोन कंपन्यांचे पार्ट! मेकॅनिकला आणखी काय पाहिजे?

रविवारी हंसाबाई गॅरेजवर आली. त्या साली बोंडअळीनं कापसाची वेचणी वेचणाऱ्यांच्या आधीच उरकून टाकली होती, त्यामुळे अख्खं गाव रिकामं होतं. गर्दी जमली आणि जमताच तिचे दोन पक्ष पडले : खाजगीवाले आणि सरकारीवाले. हजराबी खुर्चीवर, तोंड फिरवून.

"मावशी, पहिले उजवा पाय टाकून ट्रकवर चढ."

हंसाबाई चढली.

"आता उतर, अन् डावा टाकून चढ."

चढली! आणि दीड सेकंद लवकर!

"नागपूर जिंकलं!" खाजगीवाले नाचू लागले.

"कायचं नागपूर?" हंसाबाईचा नवरा गुलाबसिंग पुढे आला. "डावा यवतमाळचा हाय!"

"तुमाले काय मालूम?" हंसाबाई ट्रकवरूनच कडाडली. "गुडघे कोणाचे हायेत?"

"अवं, डाव्याच्या वक्ताले यवतमाळले डबा घेऊन मीच येत होतो ना!"

"तो उजव्याचा डबा होता!" मग तीच घुटमळली. "का डाव्याचा?"

निकाल नीट दिसावा म्हणून गर्दीतल्या पंजाबरावांनी बसायला एक दगड ओढला. तो ट्रकच्या चाकाखालचा होता. आणि ब्रेक मन्सूरनं सकाळीच खोलून ठेवले होते!

ट्रक उताराला लागला.

"मावशी, उडी मार!"

हंसाबाईनं मारली. दोन्ही पायांवर, ताठ! ट्रक सरळ उकिरड्यात जाऊन रुतला. ट्रकला अडवायला धावलेला मन्सूर ट्रकच्या आधीच तिथं पोचून, बाजूला गुडघा धरून पडला होता.

धूळ बसल्यावर हजराबीनं विचारलं, "हंसाबाई, खरं सांग. कोणता कुठला?"

"याद नाही ना, बाई! दुखणं बंद झालं का कोण याद ठेवते?"

हजराबीनं हंसाबाईचे दोन्ही गुडघे चाचपून पाहिले.

"मन्सूर, उद्या मले यवतमाळले ने."

"सरकारीत?"

"जवळ हाय ना!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी दोघांकडे पाहिलं. हजराबी काठी टेकून उभी होती आणि मन्सूर तिच्या खांद्याला लोंबकळत होता. त्यांनी मन्सूरचं नाव विचारून कागदावर लिहिलं.

"पेशंट मी हावो!" हजराबी म्हणाली. "पण पहिले याचाच गुडघा पाहा."

"मले काही झालं नाही!" मन्सूर लंगडत दाराकडे सरकला. "इथं नको, अम्मी! पाय उलटा बसवतेत!"

"काहून भेतं रे येवढा?" असं म्हणून हजराबीनं त्याची कॉलर पकडली, आणि पांढरकवड्याचा शास्त्रज्ञ आईच्या मागे एका पायावर उड्या मारत आत गेला.