पडद्यामागून मुलाखत

सिनेसंग्रहालयाची दीपाली कॅमेरा घेऊन चामोर्शीला येणार म्हटल्यावर अंजनाबाईंनी मधल्या दाराला जुनी साडी टांगली. तिच्यामागे वही घेऊन त्या प्रॉम्प्टिंगला बसणार होत्या. त्यांच्या नवऱ्याची, हरिदासभाऊंची, हयात झाडीपट्टीच्या नाटकात गेलेली. मागून शब्द आला की तो आधी तोंडातून जायचा, कानात नंतर. सिनेमात मागून सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून सात कृष्णधवल सिनेमांत भाऊ पाच वेळा मुके नोकर झाले, दोनदा प्रेत. पडद्यावर नाव एकदाही आलं नाही. या मुलाखतीत ते येणार होतं, म्हणून भाऊ दोन दिवस धड जेवले नव्हते.

सुरुवात झकास झाली. "रंगभूमी ही माझी माय होय," भाऊ शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले.

तेवढ्यात मागच्या दारानं शेजारची बुधरी विरजण मागायला आली, मागोमाग तिची शेळी, आणि अंजनाबाईंनी वही मिटली.

"दिग्दर्शक कसे वागायचे?" दीपालीनं विचारलं.

"वाटी आणली का? नाई तर मागच्यासारखी माहीच घेऊन जाशीन." साडीमागून आलेलं भाऊंनी त्याच आवाजात कॅमेऱ्याला सांगितलं.

दीपाली जरा थांबली. "आणि नायिका?"

"तिले बांधून ठेवत जा ना. काल आमचा वालाचा वेल खाऊन टाकला तिनं."

साडीमागे बुधरीनं हळूच विचारलं, "भाऊ सिनेमात काय करे बाई?"

दीपालीचा पुढचा प्रश्न तोंडातच राहिला, कारण भाऊंचं उत्तर सुरू झालं होतं.

"काई नाई करे. मुका उभा राहे. मी चंद्रपूरले जाऊन सातही पाहिले. घरी आल्यावर विचारे, कसा दिसलो? मी म्हनो, मस्त. खरं सांगू का, डोळ्यातल्या पान्यानं मले काईच दिसे नाई..."

आता ते भाऊंच्या कानात शिरलं. ते साडीकडे वळले.

"हे पुसून टाकू?" दीपालीनं विचारलं.

मागून काहीच आलं नाही. भाऊंनी बराच वेळ वाट पाहिली. "राहू दे," ते म्हणाले, आणि तेही इतकं हळू, की दीपालीला पुन्हा विचारावं लागलं.

महिन्याभरानं मुलाखत मोबाइलवर आली. शेवटी नावं सरकली: 'आवाज – हरिदास रामटेके. संवाद – अंजनाबाई रामटेके.' भाऊंनी ती चारदा थांबवून वाचली.

अंजनाबाईंनी चष्मा पुसला. "याच्यात मोठं कोन होय जी, आवाज का संवाद?"

भाऊंनी सवयीनं मागे पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं.