पोलादपूरला गेलेली भुतं

नरकचतुर्दशीच्या सकाळी, अंगाचा उटण्याचा वास अजून गेला नव्हता तोच ओजसने स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, की आज हॅलोविन आहे आणि संध्याकाळी बिल्डिंगमधल्या मुलांना तो भुतांचा खाऊ देणार आहे. ओजस आठ वर्षांचा, त्याची बहीण श्रिया सहाची. दोघं आई देवश्रीबरोबर पुण्याहून महाडला आजोळी दिवाळीला आली होती. आजी उज्वला प्रधान शाळेत गणित शिकवायच्या आणि घरातही कुणी चुकीचं उत्तर दिलं तर चष्म्यावरून बघायच्या.

"वर्षाचा सण, आणि आज भुतं कसली रे?" त्या म्हणाल्या.

"आजी, सकाळी तूच आम्हाला पायाखाली कारीट फोडायला लावलंस. तो नरकासुर आहे म्हणालीस. मग तोपण मॉन्स्टरच ना?"

गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, पण उत्तर चूक नव्हतं. शिवाय त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. आज पोलादपूरला फराळाचा डबा जायचा होता, आणि तो साधासुधा डबा नव्हता.

त्याचं असं झालं होतं. देवश्रीचा धाकटा भाऊ आमोद महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात इंजिनियर होता. मुलगा सालस, पगार बरा, पण स्थळं येत आणि शिफ्ट ड्युटी ऐकून परत जात. एका मुलीच्या आत्याने तर त्याच्या शर्टाला कसला वास येतो, असं सरळ विचारलं होतं. अशात पोलादपूरच्या कर्णिकांची अनुपमा बघायला गेले आणि आमोद तिथून आला तो गुणगुणतच. अनुपमा बँकेत होती, तिलाही मुलगा आवडला होता. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. बाळराव कर्णिक निवृत्त मुख्याध्यापक. "दिवाळीनंतर कळवतो," एवढंच बोलून त्यांनी पानसुपारी पुढे केली होती. आणि निरोप घेताना अनुपमाची आई कालिंदीबाई हसत म्हणाल्या होत्या, "दिवाळीत तुमच्याकडचे खाजाचे कानवले चाखायला मिळतील ना?"

हे हसणं उज्वलाताईंना चांगलंच कळलं होतं. खाजाचे कानवले म्हणजे करंजीची थोरली बहीण. पातळ पापुद्र्यांचे पदर सुटले पाहिजेत, कडेची मुरड नाजूक हवी आणि तेलात पडल्यावर पोट फुटता कामा नये. एरवी उज्वलाताईंना ते बरे जमत. पण यंदा निवडणुकीच्या प्रशिक्षणात त्यांचे दिवाळीआधीचे सगळे दिवस गेले. शेवटी घाईघाईत केलेले कानवले कढईत एकामागून एक तोंडं वासून बसले. मग उज्वलाताईंनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. बाजारपेठेतून कानवले गुपचूप विकत आणले, आपल्या डब्यात नीट रचले आणि हे घरात कुणालाही सांगितलं नाही.

फुटलेले कानवले मात्र ओजसच्या कामी आले. आजीने ते, थोडे रव्याचे लाडू आणि चकल्या एका डब्यात घालून मुलांना देऊन टाकल्या आणि सांगितलं, "घ्या, काय भुतं करायची ती करा, पण माझ्या ओट्यावर नको."

मुलं आणि देवश्री हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून बसली. फुटलेला कानवला आधीच तोंडासारखा उघडा होता. त्यात खोबऱ्याच्या तुकड्यांचे दात बसले आणि कोकमाच्या आगळाचं रक्त ओघळलं. पांढऱ्या रव्याच्या लाडवावर काळ्या मनुकेचं बुबुळ लागलं, भोवती आगळाच्या लाल शिरा आल्या. चकलीला शेवेचे पाय फुटून तिचा कोळी झाला. श्रियाने एक डोळा आपल्याकडे वळवला आणि ती स्वतःच घाबरून आईच्या मांडीत शिरली. देवश्रीला हे सगळं इतकं आवडलं, की तिने तो डबा आपल्या नव्या जरीकाठी रुमालात बांधून ठेवला. शेजारी उज्वलाताईंचा डबा होता, तो नेहमीच्या चौकड्याच्या फडक्यात. डबे मात्र एकाच सेटमधले, दोन्हींवर प्रधानांचं नाव कोरलेलं.

आमोदला सुट्टी होती. तो नवा शर्ट घालून आला, त्याने दोन्ही डबे पाहिले आणि क्षणभर विचार केला. होणाऱ्या सासुरवाडीला जुन्या फडक्यातला डबा कोण पाठवेल? त्याने जरीकाठी रुमाल उचलला आणि मोटरसायकलवरून पोलादपूर गाठलं. डबा कालिंदीबाईंच्या हातात दिला. आलेला डबा पाहुण्यादेखत उघडायचा नसतो, म्हणून त्यांनीही तो तसाच आत नेऊन ठेवला. आमोद अनुपमाशी चार वाक्यं बोलून, चहा पिऊन, गुणगुणत परतला.

दुपारी ओजसने मित्रांना दाखवायला म्हणून उरलेला डबा उघडला आणि भोकाड पसरलं. "आजी, माझी भुतं कुठायत?"

उज्वलाताईंनी डब्यात पाहिलं. विकतचे गोरेगोमटे कानवले शिस्तीत बसले होते. आमोदने अनुपमाला मेसेज केला, त्यावर एकच टिक आली. तो पांढराफटक पडून सोफ्यावर बसला. "आई, यावेळी शर्टाच्या वासाचंही कारण लागणार नाही," तो म्हणाला, आणि त्याचं ते तोंड बघून उज्वलाताई उठल्याच. त्यांनी थेट कालिंदीबाईंना फोन लावला.

डबा अजून उघडला नव्हता. देव पावला होता, पण उज्वलाताईंनी त्याच देवाला मध्ये ओढलं. "तो उघडू नका हं," त्या म्हणाल्या, "देवाला नैवेद्य दाखवायचाच राहिला हो माझा. आम्ही येतो आणि घेऊन जातो."

"एवढंच ना? त्यासाठी कशाला धावपळ करताय? आम्ही दाखवतो की," कालिंदीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना, कारण सगळं घर देवघरात गोळा झालं होतं.

उज्वलाताई, आमोद आणि दोन्ही मुलं मांडीवर दुसरा डबा घेऊन गाडीत बसली. हायवेला दिवाळीची गर्दी होती. ओजस मागून विचारत होता, की त्याची भुतं परत मिळतील का.

इकडे देवघरात काय झालं ते नंतर सगळ्यांना कळलं. बाळरावांनी पाटावर बसून डबा समोर ठेवला, झाकण काढलं आणि न बघताच डोळे मिटून पाणी फिरवलं. कामाला येणाऱ्या काशीबाई मागे हात जोडून उभ्या होत्या. त्यांचे डोळे उघडे होते.

"वयनी," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो लाडू माझ्याकडं बघतोय गो. मी नाय ह्याला हात लावनार."

बाळरावांनी डोळे उघडले. लाडवाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी लाडवाकडे पाहिलं. मग ते उठून बाहेरच्या खोलीत गेले.

प्रधान मंडळी पोचली तेव्हा ते तिथेच आरामखुर्चीत बसले होते. उज्वलाताईंनी मुलांचा खेळ, हॅलोविन, जरीकाठी रुमाल असं सगळं भरभरून सांगितलं. बाळराव ऐकत राहिले. ओजस मात्र त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही घाबरलात का?"

आमोदने डोळे मिटून घेतले.

"घाबरलो," बाळराव म्हणाले. "छत्तीस वर्षं मुलांना घाबरवलं, आज पहिल्यांदा उलटं झालं. ते बुबुळ चिकटवलं कशाने रे?"

"पाकाने," श्रिया आजीच्या मागून म्हणाली.

बाळराव हसायला लागले. अनुपमाने आतून डोकावून पाहिलं, कारण हा आवाज त्या घरात फारसा होत नसे. आमोदचा जीव भांड्यात पडला, पण उज्वलाताईंचा नाही. त्या खरा डबा घेऊन कालिंदीबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. तिथे ओट्यावर दातवाले कानवले होते आणि त्यातला एक अर्धा खाल्लेला होता.

"हे फुटलेले कुणी केले?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"मीच. वेळ नव्हता हो यंदा, घाईत बिघडले."

"फुटले, पण पदर बघा किती सुटलेत. चवही छान आहे. आगळ तेवढं जास्त झालंय." मग त्यांनी दुसरा डबा उघडला, एक कानवला उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "आणि हे?"

उज्वलाताई डब्याचं झाकण पुसू लागल्या. "हेही मीच."

"नाही," कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "हे मी केलेत. मुरडीची शेवटची घडी मी आत वळवते, माझ्या आईची पद्धत आहे. दर दिवाळीला महाडच्या दुकानाला करून देते. हे बाहेर गेले की करते, यांना माहीत नाही. मुख्याध्यापकांच्या बायकोने फराळ विकायचा नाही, असं यांचं म्हणणं."

उज्वलाताईंना वाटलं, आपण इथेच जमिनीत गडप व्हावं. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तर ते एवढं भारी पडलं होतं. त्यांनी खाली बघत सगळं सांगून टाकलं, प्रशिक्षणापासून बाजारपेठेपर्यंत. "मला भीती वाटली," त्या म्हणाल्या. "माझ्या कानवल्यांमुळे त्याचं लग्न अडेल असं वाटलं. त्याला तुमची अनुपमा फार आवडलीय हो."

कालिंदीबाई काही बोलणार तोच बाळराव पाणी मागायला म्हणून आत आले. त्यांनी डब्यातला एक कानवला उचलला, चावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसरा घास तोंडात असतानाच ते बायकोकडे वळले.

"याला म्हणतात कानवला. बघ जरा, मुरड बघ, पदर बघ. आपल्याकडे इतक्या वर्षांत असा एकदाही झाला नाही. उज्वलाताईंकडून शिकून घे."

दोघी बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. उज्वलाताईंचा चेहरा लालेलाल झाला होता आणि कालिंदीबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाशी नेला होता.

"शिकेन हो," त्या म्हणाल्या. "आता विहीणबाईच होणार आहेत त्या. येणं-जाणं होईलच."