पाण्याखालच्या गावाचा पत्ता

चोमा नगरपालिकेतल्या हामूंगा कारकुनानं आपली आजी शोधून काढायचं ठरवलं. आजी वारून जमाना झाला होता आणि करिबाचं धरण बांधलं तेव्हा तिचं गावही तलावाखाली गेलं होतं. पण एवढ्यातेवढ्यानं माघार घेणाऱ्यांतला हामूंगा नव्हता. (ऑफिसातला जळलेला पंखासुद्धा तो दर सोमवारी एकदा लावून बघायचा.)

काडी टाकली ती बूंबा आत्यानं. "धरण झाल्यापासून माझ्या आईच्या थडग्यावर कुणी चिबवांटूचा थेंब ओतला नाही. मी डोळे मिटायच्या आत कुणी ओतेल, असंही दिसत नाही." मग भाच्याकडे बघून म्हणाली, "तू तर राहूच दे. तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

झालं! हामूंगानं इंटरनेटवरून धरणाआधीचा नकाशा मिळवला. नदीकाठी आजीचं गाव, सियाचूला, चक्क छापलेलं होतं. आता हा नकाशा कॉम्प्युटरवर आजच्या नकाशावर बरोब्बर बसवला, की तलावात गाव कुठं ते कळणार. जुन्या नकाशात नदीच्या दोन काठांना दोन टेकड्या होत्या. आज तिथं दोन बेटं होती. त्यानं टेकड्या बेटांवर बसवल्या आणि गावावर लाल खूण ठोकली.

बायको, लुयांदो, मागून डोकावली. "अहो, अक्षरं उलटी का दिसतायत?"

"जुनी छपाई आहे. तेव्हा असंच छापायचे."

"खाली डोकं वर पाय?"

"तू न्शिमा ढवळ. पीठ खाली लागतंय."

शनिवारी सकाळी दोघं मुदेंदाच्या मोटरबोटीतून निघाली. हामूंगाच्या मांडीवर आत्यानं स्वतः मका आंबवून केलेल्या चिबवांटूचा कॅन. आत्याचे गुडघे बोटीत चढण्यातले राहिले नव्हते. ती घरी फोन धरून बसली होती.

"तुम्ही मुक्कामावर पोहोचला आहात," फोनमधल्या नकाशातली बाई म्हणाली. चहूकडे पाणीच पाणी. हामूंगानं टोपी काढली, उभा राहिला आणि रडत रडत सगळी वंशावळ म्हणू लागला.

"साहेब, रडा, पण बसून रडा," मुदेंदा म्हणाला. "पाणघोडे आहेत."

कॅन रिकामा झाल्यावर लुयांदोनं व्हिडिओ कॉल लावला. आत्यानं सवयीनं फोन कानाला लावला, त्यामुळे पडद्यावर नुसता कान आला.

"आत्या, पोहोचलो! ओतलं!"

"वशिंडासारखी टेकडी दिसते का?"

"ही काय, शेजारीच!"

कान थरथरला. "मेल्या, ती पलीकडच्या काठावरची! आमच्या शेजारी चपटी होती!"

"तरीच," मुदेंदा म्हणाला. "मी म्हणणारच होतो, साहेब, आपण हद्द ओलांडून झिंबाब्वेच्या पाण्यात कशाला आलो."

"तिथं त्या चिलाला म्हातारीचं घर!" आत्या कडाडली. "तिच्या मुलाशी माझं जमत होतं. पोरीचे दात पुढे आहेत म्हणून तिनं मोडलं! आणि तिला तू माझं चिबवांटू पाजलंस? सगळं?"

"सगळं," लुयांदो म्हणाली. "वर कॅनही झटकला."

हामूंगा लाल झाला. पण परत फिरला नाही. त्यानं टेकड्यांची अदलाबदल केली, तसा नकाशा गर्रकन फिरला आणि सगळी अक्षरं सुलट झाली. (लुयांदोनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. तेच जास्त लागलं.) बोट वळली. चपट्या बेटाजवळ बाई पुन्हा म्हणाली, "तुम्ही मुक्कामावर पोहोचला आहात."

आता ओतायचं काय? डब्यात न्शिमा आणि सुकी कापेंटा.

"आत्या, थोडी मासळी वाहू?"

"माझी आई इतकी वर्षं माशांतच पडलीय, आणि तू तिला मासेच चारणार?"

हामूंगानं कॅनमध्ये तलावाचंच पाणी घेतलं, खळखळ हलवलं, वास घेऊन बघितला. होता, थोडासा आंबूस वास होता. ते त्यानं सावकाश ओतलं. या वेळी वंशावळ त्यानं बसून, हळू म्हटली.

"फोन पाण्याजवळ धर," आत्या म्हणाली. तिनं आपलाही फोन समोर धरला. तिचे डोळे भरले होते.

"आई, हा तुझा नातू. उशिरा आला. आधी त्या चिलालाकडे जाऊन आला आणि तुला कॅन विसळून पाजला." तिनं नाक ओढलं. "ओळखलंस ना? अगदी तुझ्या नवऱ्यावर गेलाय."