घराची ट्रायल

"ही दुहेरी रेघ कसली?" टेपसाहेबांनी विचारलं.

"माया, साहेब," मास्तर म्हणाले. "कापताना चारी बाजूंनी बोटभर जास्त सोडायची. पुढेमागे घर अंगाला घट्ट झालं, तर उसवून सैल करता येतं."

कचेरीतली टाइपिंगची खडखड थांबली. टेपसाहेबांनी खाकी कागदावर शिंप्याच्या खडूने काढलेला तो नकाशा आधी उभा धरला, मग आडवा धरला. ते बांधकाम परवानगीचे तपासनीस. कमरेला लोखंडी टेप लटकवून आसपासच्या सगळ्या गावांत हिंडायचे, म्हणून पाठीमागे त्यांचं हे नाव पडलेलं. टेप मास्तरांच्याही गळ्यात होती. पण ती पडली कापडी, आणि कचेरीत कापडी टेपेला कोण विचारतो!

"मास्तर, घर बांधताय की पायजमा?"

"दोन्हीला माप लागतंच की, साहेब."

"माया-बिया काही चालणार नाही. कुंपणापासून भिंत तीन हात आत पाहिजे. आणि आधी जागेवर आखणी करून ठेवा. मी पुढच्या आठवड्यात येऊन बघतो, मग परवानगीचं बोलू."

मास्तर चडफडत घरी आले. घरी म्हणजे दुकानामागच्या खोलीत. लग्न झाल्यापासून बायकोने तिथे अर्धवट शिवलेल्या कोटांच्या बाह्यांखाली स्वयंपाक केला होता. भाजीत दोरा निघाला नाही असा दिवस तिला आठवत नव्हता, आणि एकदा तर व्याह्यांच्या वाटीत बटण निघालं होतं. पाण्याचं भलंमोठं पिंप दारातच उभं असायचं, कारण दुसरीकडे ते मावतच नव्हतं. सगळं घर त्याला वळसा घालून आडवं होऊन आत शिरायचं. त्यात आता मालकालाही ती खोली हवी होती.

"दुसरी भाड्याची खोली बघाल तर खबरदार," बायकोने बजावलं होतं. "मी सरळ बहिणीकडे निघून जाईन. मला माझं स्वयंपाकघर पाहिजे. बिनदोऱ्याचं. आणि त्यात हे पिंप मावलं पाहिजे."

मास्तरांनी तिच्यापुढे नकाशा पसरला. तिने बराच वेळ डोकं लावलं.

"ही कॉलर बरी आलीय."

"तो व्हरांडा आहे!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण खोटं कशाला बोला, त्यांनाही तो नकाशा डोळ्यांपुढे उभा राहत नव्हताच. उभ्या आयुष्यात त्यांनी ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई मारली नव्हती. मग घर तरी तसंच कसं बांधायचं? आधी कच्चे टाके घालावेत, अंगावर चढवून बघावं, कुठे ओढतंय, कुठे लोंबतंय ते पाहावं. टेपसाहेबांनाही आखणीच हवी होती ना? मास्तरांनी पडद्यांच्या कापडाचं पडून राहिलेलं ठाण काढलं, आणि आख्खं घर शिवून टाकलं. जेवढ्यास तेवढं! चार भिंती, वर छप्पर, खिडक्यांना काजाची शिलाई. गावाबाहेरच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर दांडे रोवून दोरीवर ते चढवलं, तेव्हा रस्त्याने जाणारे थबकून बघायला लागले.

बायको आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मास्तरांनी डोकावलं, तर तिने स्टोव्ह पेटवून चहा टाकला होता.

"अहो, इथे हात पसरता येतात!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मास्तरांनाही गहिवरून आलं, आणि नेमके तेव्हाच टेपसाहेब मोटारसायकलवरून उतरले.

"मास्तर! परवानगीआधीच बांधकाम?"

"साहेब, हे कापड आहे. ट्रायल आहे."

"भिंती आहेत. छप्पर आहे. आत चूल पेटलीय. नियमात याला राहतं घर म्हणतात. भिंत कशाची असावी, ते नियमात कुठेही लिहिलेलं नाही." त्यांनी लोखंडी टेप खर्रकन बाहेर ओढली. "आणि कुंपणापासून तीन हातही नाहीत. वीतभर कमी आहे!"

मास्तरांचा चेहरा उतरला. सवयीने हात गेला होता. माया सोडलीच होती.

"आत्ता गुंडाळतो साहेब. काखेत मारून घरी नेतो."

"खबरदार! आता यावर नोटीस निघणार. नोटीस लागलेलं बांधकाम परवानगीशिवाय पाडता येत नाही."

"मग पाडायची परवानगी द्या."

"ती फक्त मंजूर घराला मिळते. हे मंजूर कुठे आहे?"

"मग मंजूर करा!"

"कसं करू? वीतभर कमी आहे ना!"

मास्तरांनी हात टेकले. टेपसाहेबांनी दर्शनी भिंतीला टाचणीने नोटीस लावली, पुन्हा मोजणीला येईन म्हणाले आणि धुरळा उडवत निघून गेले. तिकडे घरासाठी ठरवलेला गवंडी दुसरं काम धरायच्या गोष्टी करू लागला, मालक खोलीची आठवण करून देऊ लागला, आणि बायकोने बहिणीला निरोप धाडला. मास्तरांना जेवण गोड लागेना.

मोजणीच्या आदल्या दिवशी ते जागेवर गेले आणि किंचाळलेच. घर गायब! दांडे नुसते उभे, आणि पलीकडे कुंपणावर भिंती वाळत घातलेल्या.

"अगं, काय केलंस हे!"

"शेळ्या शिरल्या होत्या. सगळं मळवून ठेवलं. माझ्या घरात असली घाण मला खपायची नाही, म्हणून धुतलं."

"नोटीस आहे त्याला! हात लावायचा नव्हता!"

"नोटीस काढून ठेवलीय. धुतली नाही."

घाईघाईने दोघं घर पुन्हा चढवायला लागली, तर ते दांड्यांपर्यंत पोचेना. चारी बाजूंनी आटलं होतं. बायकोने कमरेवर हात ठेवले.

"पाण्यातून काढल्याशिवाय कापडाला कात्री लावलीत? तुम्ही?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. असली चूक त्यांनी उमेदवारीतसुद्धा केली नव्हती. दांडे उपटून आत रोवावे लागले. बायकोने स्वयंपाकघरात उभं राहून हात पसरले. दोन्हीकडे कापड लागलं. ती पदर खोचून तडक खोलीकडे निघाली; बहिणीकडे जायचं बोचकं बांधते की काय, अशी मास्तरांना भीती वाटली.

सकाळी टेपसाहेब आले. "ओलं कशाने?"

"दंव पडलं," बायकोने पदर सावरत सांगितलं.

टेपसाहेबांनी कुंपणाकडून मोजलं. पुन्हा मोजलं. तीन हात भरत होते. आधीचं माप आपणच घेतलेलं, तेव्हा बोलायची सोय नव्हती. त्यांनी चारी भिंतींना बाहेरूनच टेप लावली, दिसलं ते माप कागदावर चढवलं आणि खाली शिक्का हाणला.

"झालं घर मंजूर. भिंती कापडी. आता पाडायचा अर्ज द्या, मग नव्याचा नकाशा द्या, मग—"

"पाडायचं कशाला, भाऊ?" बायको मध्येच म्हणाली. "राहत्या घराच्या दुरुस्तीला परवानगी लागते का?"

"दुरुस्तीला नाही लागत, वहिनी. भिंत होती तिथेच आणि होती तशीच राहिली म्हणजे झालं."

"मग कापड विरलं म्हणून त्या जागी वीट लावली तर?"

टेपसाहेबांनी लोखंडी टेप गुंडाळून कमरेला अडकवली. नियमात भिंत कशाची असावी ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि हे त्यांनीच सांगितलं होतं.

गवंड्याने दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीला हात घातला. मंजूर मापावरून तसूभरही इकडे तिकडे व्हायचं नाही, अशी मास्तरांनी तंबी दिली होती. भिंती उभ्या राहिल्या, आणि मास्तर डोकं धरून खालीच बसले. स्वयंपाकघराची अंगणाकडची भिंत मध्येच चांगली फुगून बाहेर आली होती.

"झोळ! माझ्या घराला झोळ! सरळ कर ती!"

"कशी करू?" गवंड्याने कागद दाखवला. "साहेबांनी मोजून लिहिलंय, मध्ये हातभर बाहेर. सरळ केली की नवीन बांधकाम. परवानगी काढणार?"

परवानगी म्हटल्यावर मास्तरांनी तो नाद सोडला. पण शिंप्याच्या घराला झोळ म्हणजे चारचौघांत नाक कापलं गेलं! येणारंजाणारं गिऱ्हाईक भिंतीकडे बघून हसणार. राहायला गेले त्या दिवशीही ते भिंतीवर हात फिरवत कण्हत होते. "मोजणीच्या दिवशी कापड फुगलं कसं म्हणतो मी? वाराही नव्हता."

बायको पिंप गडगडवत आत आली. तिने ते भिंतीशी नेऊन उभं केलं आणि मागे ढकललं. पिंप त्या फुगवट्यात अंगावर शिवल्यासारखं बसलं.

मास्तरांनी पिंपाकडे बघितलं. मग बायकोकडे. "म्हणजे त्या सकाळी साहेब मोजत होते, तेव्हा आतून..."

"पाण्याने भरून ठेवलं होतं. हलू नये म्हणून," ती म्हणाली आणि तिने ताट वाढलं. तेवढ्यात मास्तरांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. फुगवटा एकदा मोजून तरी बघावा म्हणून. बायकोने त्यांच्या गळ्यातली टेप काढली, दाराबाहेर खुंटीला अडकवली आणि परत येऊन बसली.

"ती बाहेरच राहू दे," ती म्हणाली. "इथली मापं मी घेते."