रेशमी चाळणीचा मान आणि पागेतील पंगत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. ऐकणाराचा अग्नी प्रदीप्त राहो, लिहिणाराचा कोठा हलका राहो, आणि मध्ये जे विघ्न येईल ते ताकासंगे उतरो. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासापासोन एका दौलतीत जे वर्तमान जाहले ते यथामती लिहिले असे. दौलतीचे नाव लिहीत नाही. लिहिले तर वंशज भांडावयास येतील, आणि आमचे वय आता भांडणाचे राहिले नाही.

ते दौलतीचे धनी महाराज आणि त्यांचे सरलष्कर निंबाजीराव हे उभयता बाळपणीचे सोबती. एके गावी गुरे राखिली, एके ओढ्यात डुंबले, आणि तलवारीही एकेच दिवशी कमरेस लाविल्या. तेव्हा राज्य नव्हते, गादी नव्हती, छत्र म्हणावे तर डोईवरची घोंगडी. ते दिवस निंबाजीराव म्हातारपणी वारंवार आठवीत. काय ते दिवस! स्वारीत चूल पेटवावयास फुरसत नसे, मग घोडा चालता चालता शेतातील कणीस मोडावे, तळहातावर चोळावे, फुंकर मारली न मारली ऐसे करावे आणि तोंडात टाकावे. आणि मुक्काम पडला तर ज्वारीची जाडीभरडी भाकरी, तीत कोंडा जैसाच्या तैसा, तिजवर ठेचा, बुक्कीने फोडिलेला कांदा, पाल्यासुद्धा मुळा, आणि वरोन ओंजळीने नदीचे पाणी. आणि पहाटे उठोन कोणी पोटाचा विचार केला ऐसे कोणासही स्मरत नाही. जे व्हावयाचे ते होत असे, आणि माणूस घोड्यावर मांड टाकोन पुढे चालू लागे.

मग ईश्वरे यश दिधले, मुलूख आला, गादी जाहली, आणि गादीमागोमाग गाद्या-गिरद्या, आचारी-पाणके ऐसा सगळा संसार आला. आणि उत्तरेकडून एक वकील आला, त्याने नजराण्यात एक रेशमी कापडाची चाळण आणिली, आणि तीतोन गाळिलेल्या पिठाचे मांडे मुदपाकखान्यात करविले. महाराजांनी घास तोंडात घातला तो जिभेवर विरघळला. महाराज बहुत प्रसन्न जाहले आणि बोलिले, "वा! दात असोन नसोन सारखेच. राजाचे अन्न म्हणावे ते हे." मग काय विचारता! दुसरे दिवशी दरबारात कायदाच जाहीर जाहला. सरदारांस रेशीमगाळ पीठ, मुत्सद्द्यांस वस्त्रगाळ, कारकुनांस बारीक चाळणीचे, शिपायांस मोठ्या भोकांच्या चाळणीचे, आणि पागेत घोडी सांभाळणारे जे मोतद्दार त्यांस चाळणच नाही. वरचा जो कोंडा उरेल तो घोड्यांस आणि त्यांस. आणि ज्या कोणी मानकऱ्याने पागेच्या पंगतीस बसोन अनचाळिले खाल्ले, त्याचा मान, हुद्दा, किताब तेच क्षणी खालसा. पहिली रेशमी चाळण महाराजांनी स्वहस्ते निंबाजीरावांस दिधली. निंबाजीरावांनी ती चांदीच्या कडीने दारावर टांगिली आणि येणारा-जाणारा मुजरा करू लागला. त्याच दिवसापासोन महाराज त्यांस "या सरलष्कर" म्हणू लागले आणि ते महाराजांस "जी हुजूर" म्हणू लागले.

पुढे तर नुसता अतिरेक जाहला. कोणी म्हणाला, डाळीस साल कशास? साल गेली. कोणी म्हणाला, भाजीस देठ कशास? देठ गेले. पेरू बीवेगळा, काकडी सालीवेगळी, आणि मेथी, माठ, अंबाडी यांस तर राजवाड्याचे दारच बंद. का, तर ते गुरांचे खाणे. आणि मग दौलतीची सकाळ बदलली. पूर्वी सूर्योदयास दरबार भरे तो प्रहर दिवसास भरू लागला, आणि मग माध्यान्हीस. अमुक सरदार कोठे म्हणोन विचारिले तर चोपदार खाली मान घालोन सांगे, "आत मसलतीत आहेत." सगळे आत मसलतीतच. बाहेर येत ते घामाघूम आणि कपाळास आठ्या, आणि मग न्याय-निवाडे काय व्हावयाचे ते तसेच होत. आणि इकडे पागेतील घोडी कोंडा खाऊन ऐशी तुकतुकीत जाहली की पाहात राहावे.

सर्वांत वाईट गत खाशांची. महाराजांचे पोट नगाऱ्यासारखे ताठ, अन्नावर वासना नाही, मस्तक सदा तापलेले. राजवैद्य धोंडभट यांनी प्रथम एरंडेल दिधले, मग सोनामुखी, मग कोठा धुऊन काढावा म्हणोन जमालगोट्याची मात्रा. मात्रा दिधली की एक दिवस हाहाकार, महाराज अंथरुणास खिळत, चार दिवस गेले की पुन्हा कोठा दगड. ऐसे होता होता महाराज वाळले. हाताच्या अंगठ्या गळोन पडू लागल्या. एके दिवशी निंबाजीराव भेटीस गेले तो महाराज खिडकीत उभे राहोन पागेकडे पाहात होते. खाली एका घोड्याने उभ्या उभ्या, गवत खाता खाता, शेपटी उचलोन लीद टाकिली आणि पुन्हा गवतास तोंड लाविले. महाराजांच्या डोळ्यांस पाणी आले. म्हणाले, "सरलष्कर, दैव काढले आहे त्या जनावराने." निंबाजीरावांस हसू आले आणि लागलेच जिरले. हा माणूस तापल्या वाळूत अनवाणी धावला होता आणि रडला नव्हता.

निंबाजीराव तडक वैद्यांकडे गेले आणि विचारिले, "खरे सांगा, महाराज वाचतील काय?" धोंडभटांनी दार लोटिले आणि म्हणाले, "आणखी एक मात्रा दिधली तर आतडी साहणार नाहीत. न दिधली तरी कठीण." "मग उपाय?" तेव्हा धोंडभट उपरण्याशी चाळा करीत म्हणाले, "उपाय तो आपल्या आज्याच्या ताटात होता. कोंडा, सालीची डाळ, देठासुद्धा भाजी, आणि वर पाणी. त्याने आतडे आपले आपण झाडोन निघते, केरसुणी फिरविल्यासारखे. हे मजला ठाऊक नाही ऐसे नाही. परंतु सांगावे कोणी? सांगता माझी वस्त्रगाळ चाळण जाते. आणि सरलष्कर, आपलेही काही बरे चालले आहे ऐसे आपल्या चेहऱ्यावरोन दिसत नाही." भटजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

मग निंबाजीरावांनी भर दरबारात हात जोडोन विनंती केली की, "हुजूर, अनचाळिल्या पिठाची भाकरी खावी. जीव राहील." महाराजांचा संताप मस्तकास गेला. म्हणाले, "आम्ही पागेतील खाणे खावे? तोंड सांभाळोन बोला! आम्ही कायदा केला आणि आम्हीच मोडावा? उद्या आम्हांस राजा कोण म्हणेल?" निंबाजीराव उठले, घरी गेले, दारावरची चाळण काढिली, आणि माघारे येऊन ती गादीसमोर ठेविली. म्हणाले, "मग मजला रजा द्यावी. मी पागेत जेवतो." महाराजांचा चेहरा उतरला, परंतु शब्द मागे कैसा घ्यावा? "जा," म्हणाले, "आणि आम्हांस तोंड दाखवू नका." आणि सरलष्करी खालसा जाहली. निंबाजीराव जिना उतरताना रडले. चाळणीसाठी नव्हे. वर तो मरतो आहे आणि आपण खाली चाललो, ह्यासाठी.

पागेत मोतद्दारांच्या भाकरी ठकूबाई म्हणोन एक बाई थापीत असे. तोंडाची फटकळ, राजा-रंक सारखे. निंबाजीरावांनी पंगतीस बसताच जुन्या आठवणीने चार भाकरी आणि ओंजळभर सालीचे भिजले हरभरे रेटिले, आणि मग पोटात ऐसे वादळ उठले की घोडी कान टवकारोन पाहू लागली. ठकूबाई म्हणाली, "अहो सरदार, इतकी वर्षं कापूस खाल्लात, आन एका दिवसात मर्दुमकी दावता व्हय? अर्धी भाकर खावा, वर दोन तांबे पाणी ढोसा, ताक प्या, आन चालायला लागा. उद्या जराशी वाढवा. पोट म्हणजे काय किल्ला हाय, एका रात्रीत घ्यायला?" निंबाजीराव मुकाट अर्धीवर आले, मग पाऊण, मग सबंध, ताटात मेथी, अंबाडी, मुळ्याचा पाला, आणि तांब्यामागोन तांब्या पाणी. आणि एके सकाळी, काय सांगावे, तरुणपणाचे दिवस परत आले. निंबाजीराव नदीकडोन आले ते तांब्या हातात फिरवीत, लावणी गुणगुणत, आणि तोंडावर तेज ऐसे की मोतद्दारांनी विचारिले, "काय, लगीन ठरलं की काय?"

हे महाराजांनी खिडकीतोन पाहिले. आणि दुसरे दिवशी दुपारी घोडी तपासण्याचे निमित्त करोन खासे एकटे, काठी टेकीत टेकीत, पागेत आले. पंगत बसली होती. मोतद्दार धडपडोन उठले; निंबाजीराव मात्र बसोन राहिले, कारण तोंड दाखवू नको ऐसा हुकूम होता, म्हणोन त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले. महाराज उभे. तव्यावर भाकरी टम्म फुगली आणि तिचा खरपूस वास सुटला. महाराज दबक्या आवाजात म्हणाले, "सरलष्कर." निंबाजीराव भिंतीसच म्हणाले, "येथे सरलष्कर कोणी नाही." महाराज म्हणाले, "बसलो तर आमची गादी जाते." निंबाजीराव म्हणाले, "जाते. कायदा आपला." आणि मग त्यांच्याने राहवले नाही, ते गर्रकन वळले आणि जे तोंडाशी आले ते बोलोन गेले, "गोंद्या, गाढवा, मरशील रे! बस खाली!"

मोतद्दार एकमेकांकडे पाहू लागले. महाराजांस गोंदजी म्हणत हे कोणास ठाऊक नव्हते. ते नावाने हाक मारणारी आई गेली, चुलते गेले, आणि राहिला तो एक, त्यानेही चाळण मिळाल्या दिवसापासोन सोडिले होते. काठी महाराजांनी बाजूस ठेविली, शेणाने सारविल्या भुईवर मांडी घालोन बसले, आणि म्हणाले, "निंब्या, सर की जरा तिकडे." ठकूबाईने अर्धी भाकरी वाढिली आणि ती तोडिता तोडिता महाराज रडत होते, आणि निंबाजीराव म्हणत होते, "चाव नीट. गिळू नको. पाणी पी."

महाराज वाचले. काही दिवस गेले, मग पोट उतरले, भूक लागू लागली, आणि मग तेही तांब्या घेऊन नदीस जाऊ लागले. परंतु कायदा त्यांनी मोडिला नाही. राजाच तो, हट्ट कोठे जाईल? उलट त्याचाच आधार घेतला. रोज माध्यान्ही ते शिरपेच काढोन ठेवीत, पागेत जात, अनचाळिले खात, आणि कायद्याप्रमाणे त्यांची गादी खालसा होई. आणि जेवोन माघारे आले की धोंडभट गंधाक्षता लावोन पुन्हा राज्याभिषेक करीत. तेवढा वेळ दौलतीस धनी नसे. तेवढा वेळ पागेत दोन म्हातारे एकमेकांस अरे-तुरे करीत, ओढ्यातील खेकडे आठवीत, कोणाच्या घोड्याने कोणास पाडिले ह्यावरोन भांडत, आणि एकमेकांच्या ताटातील कांदा पळवीत. महाराज म्हणत, "निंब्या, राज्य मिळविले त्यात मौज होती रे, मिळाल्यावर कसली?" आणि इतर मानकरी? कोणास घोडे पाहावयाचे, कोणास नाल, कोणास खोगीर. करता करता अर्धा दरबार पागेत, आणि घोड्यांस कोंडा पुरेना. दरबार पुन्हा सूर्योदयास भरू लागला.

बहुत वर्षांनी महाराज वार्धक्याने, शांतपणे, पोटाची कोणतीही तक्रार नसता कैलासवासी जाहले. नवे महाराज गादीवर आले, शहाणे होते, त्यांनी चाळणीचा कायदाच रद्द केला. भाकरी, अंबाडी, सालीची डाळ राजवाड्यात रुप्याच्या ताटांत आली, आणि पहिल्या पंगतीस निंबाजीरावांस पालखी पाठवोन आणिले, मानाचा पाट दिधला. भाकरी ठकूबाईच्याच हातची. नवे महाराज अदबीने म्हणाले, "काकासाहेब, सावकाश व्हावे." वाढप्ये म्हणाले, "सरकार, आणखी घ्यावी." निंबाजीरावांनी तुकडा मोडिला, हातात धरिला, इकडे तिकडे पाहिले. सगळे आदराने थांबले होते. तो तुकडा त्यांनी माघारा ताटात ठेविला. ठकूबाई दारातोन पाहात होती, तिने पदराने डोळे पुसले आणि आत निघोन गेली.

एणेप्रमाणे हकीकत. ते दौलतीत सर्वांचे कोठे निर्मळ जाहले, प्रजा सुखी, घोडी काहीशी रोडावली. निंबाजीरावांस तनखा, पालखी, मान सर्व चालू राहिले. निंब्या म्हणणारा मात्र कोणी उरला नाही. लेखनसीमा.