गरिबीची योग्य छटा

खरं घर पडद्यावर खरं दिसत नाही, हे चित्रपटकलेतलं निर्विवाद सत्य आहे. म्हणूनच कलादिग्दर्शक (अत्यंत संवेदनशील गृहस्थ, पंखा नसेल तिथे थांबत नाहीत) गरीब विधवेचं घर शोधायला निघाले, तेव्हा त्यांनी खरी घरं धडाधड नापास केली. एकात फ्रिज होता. एकात माणसं चक्क हसत होती.

शेवटी एका शिलाईवालीची खोली पसंत पडली. बाई खरोखर विधवा, खरोखर गरीब. दोष एवढाच, की भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या.

"मावशी, हे गरीब वाटत नाही हो," कलादिग्दर्शक कळवळून म्हणाले.

"अहो साहेब, लोकांचे कपडे शिवते मी. भिंतीचे डाग कपड्यांना लागले तर कोण येईल माझ्याकडे?"

"काम झालं की होतं तसं करून देऊ."

त्यानंतर कलाविभागाने जे केलं त्याला तोड नाही. भिंतींवर तेल आणि काजळीचा हात फिरवला. छताला यंत्राने कोळ्याची जाळी लावली (बाईकडे स्वतःची कोळिष्टकंसुद्धा नव्हती). गरिबी सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढली. मग कॅमेरा आला, आणि दारातून आत जाईना. तेव्हा स्टुडिओत त्या खोलीची हुबेहूब नक्कल उभारण्यात आली, फक्त तिप्पट रुंद.

मूळ खोली मात्र आहे तशी ठेवण्याचा आदेश निघाला. नक्कल पडताळायला अस्सल काहीतरी हवंच ना? विभागाचा एक साहाय्यक अधूनमधून येऊन भिंतींचे फोटो काढी. बाईने एकदा कोपरा पुसला, तर त्याने तो पुन्हा काळा करून दिला, तोही फुकट. शाळेच्या गणवेशांवर काळी बोटं उमटू लागली. गिऱ्हाइकं तुटली. बाई झाकलेल्या मशीनपाशी नुसती बसून राहू लागली, आणि विभागाच्या मते खोली आता कुठे भूमिकेत शिरली.

चित्रपट पुरा झाला. आदेश मागे घ्यायचं कोणाला सुचलं नाही. सगळे वास्तवतेचं पारितोषिक घ्यायला गेले होते.

आपणही तो चित्रपट पाहिलात. शेजारच्या खुर्चीला ऐकू जाईल इतपत रडलात, हे छानच झालं. त्या संध्याकाळी आपण घरातून निघताना एक बाई दारात आली होती. आपल्याकडे नुकतंच रंगकाम झालंय, डबाभर पांढरा उरला असेल तर द्याल का, असं विचारत होती. आपण "नंतर बघू" म्हणून कुलूप लावलंत. योग्यच केलंत. विधवेचं घर पहिल्याच दृश्यात आहे. उशीर झाला असता, तर आपलं रडणं हुकलं असतं.